चमच्याने ठोकलेली अंगठी

"शनिवारी माझं लग्न आहे," आयव्ही म्हणाली, "आणि या बोटावर हिरवा डाग पडलाय. साबणानेही जात नाही."

१९५० साल. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलमधल्या तिच्या स्वयंपाकघरात खाजगी गुप्तहेर टास्कर आणि त्याचा मित्र अल्फ बसले होते. तिचा होणारा नवरा व्हर्न दाराशी टोपी चाळवत उभा होता.

तिच्या डाव्या हातात पहिला नवरा लेस याने लग्नात दिलेली अंगठी होती, शिलिंगचं चांदीचं नाणं ठोकून केलेली. त्या बोटावर कधीच डाग पडला नव्हता. लेस त्रेचाळीस साली न्यू गिनीतल्या लढाईत बेपत्ता झाला. उजव्या हातातली अंगठी व्हर्नने महिन्यापूर्वी आणली होती. लेसने ती तिथल्या छावणीत दोन शिलिंगांच्या नाण्याची केली आणि माझ्या मांडीवर प्राण सोडला, अशी व्हर्नची साक्ष होती. त्या साक्षीवर आयव्ही विधवा ठरली होती.

"अंगठी खोटी असेल तर साक्षही खोटी," ती म्हणाली. "मग मी कोण?"

"ठोकताना पाहिलंस?" टास्करने व्हर्नला विचारलं.

"रोज. हेल्मेटवर धरून, चमच्याने. डोकं उठवलं होतं त्याने."

"सोनाराकडून करवून आणली असेल," अल्फ पुटपुटला.

टास्करने लेसच्या आईला, थेल्माबाईंना हाक मारली. त्यांनी अंगठी चष्म्याजवळ धरली. "ही माझ्या लेसचीच. एक कड जाड आहे ना? खाणीत मनगट मोडल्यापासून त्याचा घाव तिरकाच पडायचा." डोळे पुसत त्या मागच्या पडवीतल्या चुलीकडे चहा ठेवायला गेल्या.

आयव्हीचा जीव भांड्यात पडला. टास्करने मात्र दोन्ही अंगठ्या आतून कानशीने खरवडल्या. जुनी पांढरीशुभ्र निघाली, नवी पिवळट.

"पण थेल्माबाईंनी ओळखली ना, मग खरीच," अल्फ म्हणाला.

"हात खरा आहे, गोष्ट खोटी," टास्कर म्हणाला. "शेहेचाळीस सालापासून टांकसाळीने नाण्यांतली चांदी निम्म्यावर आणली. उरलेल्यात बहुतेक तांबं. नवी-जुनी नाणी आपण एकाच खिशात घालतो, कोणी बघत नाही. पण एकाच बाईच्या दोन हातांपैकी एकच हिरवा पडला. हे नाणं लढाईनंतरचं आहे. आणि ते लेसनेच ठोकलंय."



व्हर्न खुर्चीत बसला. "टाउन्सव्हिलला आहे तो. दुसरं घर केलंय, दोन पोरं आहेत. म्हणाला, तिला सांग मी मेलो, म्हणजे ती मोकळी होईल. मी आलो आणि... तू मला आवडलीस, आयव्ही."

सात वर्षं ती आणि थेल्माबाई दोघी रडल्या होत्या. आता तिला लेस आणि व्हर्न दोघांचा सारखाच संताप आला. तिने नवी अंगठी काढून व्हर्नच्या टोपीत टाकली.

मागे किटली शिटी वाजवत होती. आयव्हीने तोंडावरून पदरासारखा एप्रन फिरवला आणि ती उठली.

"आई, चहा राहू द्या," ती म्हणाली. "बसा जरा. तुमच्यासाठी चांगली बातमी आहे."