वैजापुरात न उघडलेली लिंक

"खुशनुमा मॅडम तुम्हीच ना? तुम्ही पाठवलेली लिंक उघडत नाही."

मी मान वर केली. दारात एक तरुण उभा होता. बाह्या दुमडलेल्या, कपाळावर घाम, हातात फोन. वैजापूरहून भर उन्हात एसटीनं आला होता... एवढंच सांगायला?

"फोन करायचा," मी म्हणाले.

"केला. लागत नाही. मी जिब्रान. उद्या ग्रामसेवकांना आणि सरपंचांना मीच शिकवणार आहे."

त्या वर्षी जिल्हाभर दुष्काळ होता आणि शहरात, उस्मानपुऱ्यात मात्र रोज नवं ऑफिस उघडत होतं. आमचंही त्यातलंच. गावांना मोबाइलवरून पाण्याचा टँकर मागवता यावा म्हणून आम्ही ॲप बनवलं होतं. ते कसं वापरायचं, याचे चित्रांसह धडे मी लिहायचे.

मी लिंक पाहिली आणि माझे कान तापले. मी माझ्याच लॅपटॉपवरचा पत्ता पाठवला होता.

"नेटवर टाकायच्या आधी धडा आम्ही इथंच तयार करून बघतो," मी पुटपुटले. "हा पत्ता बाहेर कुठंच उघडत नाही."

"मग मी बघायचा कसा?"

"इथं बसून."

त्यानं लगेच खुर्ची ओढली. "बसलो."

तो एकेक पायरी वाचत सरावाच्या गावासाठी टँकर मागवू लागला. मी लिहिलं होतं, 'उत्तर आलं नाही तर "परत पाठवा" दाबा.' त्यानं दाबलं... आणि अर्जच गायब झाला.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्या बटणाचा अर्थ मी 'पुन्हा पाठवा' असा घेतला होता. बनवणाऱ्यानं तो 'माघारी पाठवा' असा ठेवला होता. मी स्वतः दाबून पाहिलंच नव्हतं.

"म्हणजे उद्या गावं टँकरची वाट बघत बसली असती," मी म्हणाले.

"उद्या ना? अजून आजच आहे," तो शांतपणे म्हणाला.

शेजारच्या टेबलावर बसून ॲप बनवणाऱ्या मंदारनं बटणावर 'अर्ज रद्द करा' असं लिहिलं. मी धडा बदलला, पुन्हा बिल्ड केला, म्हणजे लॅपटॉपकडून नव्यानं तयार करून घेतला. पडद्यावर चूक दाखवणारी लाल अक्षरं. एक स्वल्पविराम राहिला होता. पुन्हा केला, तर चित्रंच दिसेनात. जिब्रान हसला, मीही हसले. अखेर सगळं नीट उघडलं आणि त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत करून पाहिलं. सरावाच्या गावाला टँकर मिळाला.

"आता टाकते," मी म्हणाले.

"थांबा..."

"काय झालं?"

"टाकलं की मला उठावं लागेल."

मी पडद्याकडेच बघत राहिले. "उद्या मीही येतेय वैजापूरला," मी म्हणाले आणि बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी सभागृहात मी मागं उभी होते. गोजरबाई नावाच्या सरपंच फोनवर बोट ठेवून धडा वाचत होत्या. त्यांनी खरोखरचा अर्ज भरला. थोड्या वेळानं फोन वाजला. टँकर मंजूर झाला होता.

"कुणी लिवलंय हे?" त्या म्हणाल्या. "लई सोपं हाय."

जिब्राननं माझ्याकडे बोट दाखवलं. सगळ्या माना वळल्या. मी ओढणी सावरली.

सगळे पांगल्यावर मी बाहेर लिंबाखाली थांबले होते, तिथं तो आला. बराच वेळ चपलेनं माती उकरत राहिला.

"तुमचे आधीचे सगळे धडे वाचलेत मी," तो म्हणाला. "माझ्या कामाचे नव्हते, तेसुद्धा. इतकं समजावून सांगणारं माणूस जन्मभर जवळ असावं... असं वाटतं. अम्मी फर्दापूरला असते. तिला घेऊन तुमच्या घरी येऊ?"

"इतक्या घाईनं?"

त्याचा चेहरा उतरला. "नक्को म्हणत असाल तर—"

"नक्को कोण म्हणालं? रविवारी या. अब्बू घरी असतात." मला हसू आवरत नव्हतं. "आणि मला 'तुम्ही' म्हणणं सोडा."

"सोडलं," तो म्हणाला. "चल, चहा घेऊ."