जल्लोष चार

एका मोठ्या क्रीडावाहिनीत मी आवाज लावते. लोकांना वाटतं, मैदानातला गलका जसाच्या तसा त्यांच्या घरी पोचतो. कसला पोचतो! अर्धं मैदान रिकामं असतं आणि उरलेले मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले असतात. मग क्षणचित्रांत गोल झाला की त्याखाली मी तयार गलका सरकवते. आमच्याकडे असे बावीस गलके आहेत. त्यातला 'जल्लोष चार' सगळ्यांचा लाडका. नऊ सेकंदांचा. आधी श्वास रोखल्यासारखी शांतता, मग हजारो गळे एकदम फुटतात. आमच्या निर्मितीप्रमुखांना सगळे नुसतं साहेब म्हणतात. त्यांचं ठरलेलं वाक्य आहे, "गोल मिळमिळीत वाटला तर चार टाका." अकरा वर्षांत मी तो किती गोलांखाली टाकला असेल, देव जाणे.

माझी खोली तिसऱ्या मजल्यावर. खिडकी नाही, भिंतींना करडा स्पंज. आत बोललं की शब्द तोंडापाशीच विरतो. बाहेर लिफ्टमध्येसुद्धा पडदे लावलेत आणि त्यांवर कोणी ना कोणी सतत जिंकत असतं. घरी आई दिवसभर आमचीच वाहिनी लावून बसते. तिला खेळातलं ओ की ठो कळत नाही. लेकीच्या कामाचं कौतुक, असं मी धरून चालले होते.

त्या मंगळवारी दुपारी चार उघडला, तर तो दहा सेकंदांचा निघाला.

"चारला कोणी हात लावला?" मी शेजारच्या संकलकाला विचारलं.

"ताई, त्याला कुलूप आहे. तुमच्याशिवाय कोण उघडणार?"

गुरुवारी तो बारा सेकंदांचा होता. सोमवारी चौदा. कापून ठेवलेला आवाज वाढत नाही. कापलेलं कापड वाढतं का? मी कानांवर हेडफोन घट्ट दाबून ती वाढीव शेपटी ऐकली. गलका ओसरत होता, आणि त्याच्या तळाशी, खूप लांबून, कोणीतरी शिटी वाजवली. दोन आखूड, एक लांब.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

दादा किल्ली कायम विसरायचा. रस्त्यावरून तो अशी शिटी घालायचा, मी खिडकीतून एक लांब शिटी परत द्यायचे आणि आई दाराची कडी काढायची. चौदा वर्षांपूर्वी तो सामना बघायला गेला आणि उत्तरेकडच्या प्रेक्षकगॅलरीतल्या चेंगराचेंगरीत गेला. एकतीस जण गेले. वरून हुकूम होता म्हणून आमच्या वाहिनीने कॅमेरा शेवटपर्यंत चेंडूवरून हलवला नाही, आणि मग बातम्यांत 'अनुचित प्रकार' एवढे दोनच शब्द. मी तेव्हा इथे नव्हते. तीन वर्षांनी लागले. दादाला ही वाहिनी आवडायची, एवढंच कारण.

तळघरात जुन्या टेपांचा संग्रह आहे. तो सांभाळणाऱ्या बाईंना सगळे टेपमावशी म्हणतात.

"चार कुठला आहे मावशी?"

त्यांनी बोट ओलं करून वहीची पानं उलटली. दादा गेला त्या दिवसाची तारीख मला उलट्या बाजूनेही वाचता आली.

"बासष्टावं मिनिट," मावशी म्हणाल्या. "गोल, असं लिहिलंय."

"मावशी, तो सामना शून्य-शून्य सुटला."

मावशींनी चष्मा काढला.

"मग लोक ओरडले कशाला गं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कापणाऱ्याने चित्र बघितलंच नव्हतं. आवाज मोठा, म्हणजे गोल! माणसं गुदमरत होती, मदतीला हाका मारत होती, आणि आम्ही त्याला जल्लोष नाव देऊन क्रमांक घातला. आणि मी, माझ्याच हातांनी, तो जगभरच्या गोलांखाली पसरला. शाळकरी मुलांच्या स्पर्धेतसुद्धा.

साहेबांनी माझं ऐकून घेतलं. पेनाचं टोपण उघडत होते, लावत होते.

"प्रेक्षकांना आनंदच ऐकू येतो ना? मग झालं तर."

"साहेब, माझा भाऊ आहे त्यात."

"भावनेच्या भरात बोलू नका. इतका जिवंत आवाज आपल्याकडे दुसरा नाही. आणि चौदा सेकंदांचा झालाय म्हणता? उत्तमच की!"

जिवंत! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात असं नुसतं ऐकलं होतं. इथे मी अकरा वर्षं त्यांच्या पंगतीत वाढत होते.

परवानगी गेली खड्ड्यात. मी चार पुसला. त्याच्या सगळ्या प्रती पुसल्या. मूळ टेप टेपमावशींनी स्वतःच माझ्या हातात दिली. "दोन महिन्यांत मी निवृत्त होतेय. माझं काय करतील?" मी टेप ओढून काढली आणि कात्रीने तिचे तुकडे केले. पाच वाजता घरी आले.

उन्हं अजून खिडकीत होती. टीव्ही बंद होता आणि आई खुर्चीत ताठ बसली होती.

"टीव्ही का बंद केलास?"

"दुपारपासून गोल होतायत, पण तो काही वाजवत नाही."

"कोण?"

"दादा गं. तुझ्या त्या गलक्याच्या शेवटी वाजवतो ना शिटी. तू तिथे लागल्यापासून ऐकतेय मी." ती माझ्याकडे बघून हसली. "मला वाटायचं, तू मुद्दाम लावतेस. माझ्यासाठी."

अकरा वर्षं ते नऊच सेकंद होते, आणि त्यांत शिटी नव्हतीच.

"आई, मी तो आवाज आज पुसून टाकला. कायमचा."

ती रागावेल असं वाटलं होतं.

"बरं केलंस," ती म्हणाली. "अडकला होता बिचारा."

खालून शिटी आली. दोन आखूड, एक लांब.

मी टीव्हीकडे पाहिलं. त्याची वायर जमिनीवर पडली होती.

मी उत्तर दिलं नाही. ओठच जुळेनात.

शिटी पुन्हा आली नाही. जिन्यात पावलं वाजू लागली.

एकाची नव्हती. संपूर्ण जिना भरला होता, आणि कोणीच काही बोलत नव्हतं.

मी दाराकडे वळले. आईने कडी केव्हाच काढून ठेवली होती.