श्रीशैलनं उघडं ठेवलेलं नेट

जिन्याच्या वळणावर दोघं समोरासमोर आली आणि शिवरंजनीच्या हातातली छोटी डबी निसटली. श्रीशैलनं ती उचलून दिली. त्याच्या शर्टाला नव्या ताडपत्रीचा वास होता. उमरग्याच्या हायवेवर ट्रकच्या ताडपत्र्यांचं दुकान होतं त्याचं. घरमालकाचा मुलगा, खाली राहायचा. वर शिवरंजनी आणि तिची आई भाड्यानं.

"वायफायचा अडॅप्टर?" डबीवरचं नाव वाचून तो म्हणाला. "तुमच्या कॉम्प्युटरला आहे तो चालतोय की."

"तुमच्याकडंच निघाले होते. तुमच्या नेटला पासवर्डच न्हाय. मी पेशंटचे रिपोर्ट टाइप करते... लॅबच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उद्यापर्यंत कुलूप घाला, न्हाईतर काम दुसऱ्याला देते. कुलूप घातल्यावर जुना चालेल न चालेल, म्हणून हा नवा आणला."

तो मागं वळला. "चला."

खालच्या खोलीत ती त्याच्या लॅपटॉपसमोर बसली. राउटरचं पान उघडलं. तिची बोटं भराभर चालत होती... आणि तो पडद्याकडं सोडून बोटांकडंच बघत होता.

"इथं एन्क्रिप्शनचं कुलूप होतं की आधी. कुणी काढलं?"

"म्या."

"का?"

"दिवाळीनंतर नवं कुलूप घातलं, तर तुमचा जुना अडॅप्टर जोडलाच जाईना. त्याला ही नवी पद्धत कळत न्हाय. तुम्ही गच्चीवर मोबाइल उंच धरून रिपोर्ट पाठवत होता — भर उन्हात. मग काढून टाकलं."

"मला सांगायचं की."

"सांगितलं असतं, तर तुम्ही लगेच नवा आणला असता."

"मग?"

"मग... नेट चालतंय का, हे विचारायला वर कसा आलो असतो?"

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. अडीच महिने हा माणूस एक दिवसाआड दाराशी यायचा, तेवढंच विचारायचा आणि जायचा. पण नजर चोरणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं सगळ्यात पक्कं एन्क्रिप्शन निवडलं, लांबलचक पासवर्ड टाकला, तो कागदावर लिहून त्याच्या हातात दिला.

"वर चला. जोडून बघू."

वर तिनं जुना अडॅप्टर काढला, नवा खोचला, पासवर्ड भरला. नेट जोडलं गेलं. पाठोपाठ रिपोर्टही गेला. काम वाचलं.

श्रीशैल उंबऱ्याबाहेरच उभा होता. "म्हणजे आता... माझं काम संपलं."

"नेटचं संपलं." तिनं खुर्ची पुढं सरकवली. "आत या. आई भाकऱ्या करतीय. जेवता जेवता बोलायचं ते तिच्यासमोरच बोला. माझं उत्तर तयार हाय."

चपला काढता काढता तो अडखळला. "ते उत्तर... आधी कळलं असतं तर घास घशाखाली उतरला असता."

शिवरंजनी हसली.

"व्हय," म्हणाली, आणि आईला चार भाकऱ्या जास्त टाकायला सांगायला आत गेली.