दोन्ही हात छातीवर

बाही चढवायला मी पुतळ्याचा दंड धरला, आणि तो ऊबदार लागला.

मी तशी भित्री नाही. कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात काचेमागचे पुतळे सजवायचं माझं काम. दुकानाचे जादा पुतळे तळघरात ठेवलेले असतात. कुणाला केस नाहीत, कुणाचा हात निखळलेला, काहींना तर चेहराच नाही, नुसता गुळगुळीत गोळा. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मी त्यांच्यातच वावरते. पण त्या दिवशी माझी बोबडीच वळली.

"घाबरू नका," पुतळा म्हणाला. "मी आहे."

"मी... म्हणजे कोण?"

"प्रथमोपचार शिकवायला आलोय. तुमच्या मालकांनी जागा बघायला खाली पाठवलं. म्हटलं बघू या, एवढ्या पुतळ्यांत जिवंत माणूस किती वेळात सापडतो."

"मग? सापडला?"

"सापडला की. फक्त त्याचा दंड अजून कुणी सोडलेला नाही."

चटका बसावा तसा मी हात मागे घेतला. तो हसला – आणि माझ्या लक्षात आलं, हा माणूस अंधारातसुद्धा बरा दिसतो!

दुसऱ्या दिवसापासून वर्ग सुरू झाला. दुकान उघडायच्या आधी, वरच्या मजल्यावर, कपड्यांच्या दांड्यांमध्ये सतरंज्या टाकून. त्याने पेटीतून रबराची धडं काढून ओळीने मांडली. डोकं आणि छाती, खाली काही नाही.

"अगं बाई, याचे पाय कुठे गेले?" गल्ल्यावरच्या मावशींनी विचारलं.

"मावशी, पायांवर सीपीआर देत नाहीत," तो म्हणाला. दुकानातल्या सगळ्या बायका फिस्सकन हसल्या आणि त्याचं नाव 'मास्तर' पडलं ते पडलंच.

मास्तर शिकवायचा मात्र जीव तोडून. माझ्याशेजारी गुडघे टेकून बसायचा, आणि मग माझ्या हातांना काही केल्या ताळतंत्र राहायचं नाही.

"कोपरं वाकवू नका. खांद्यातून जोर येऊ द्या."

"बरगडी मोडली तर?"

"मोडली तर जोडता येते. हात थांबले तर काहीच जोडता येत नाही."

विजेचा धक्का बसलेल्याबद्दल सांगताना तर तो एकदम कडक व्हायचा. "तार चिकटलेल्या माणसाला धावत जाऊन धरलंत, की दोन माणसं गेली. कितीही जवळचं माणूस असो."

"मग काय, नुसतं बघत उभं राहायचं?" मी मुद्दाम खोडा घातला.

"आधी मेन स्विच. मग माया." असं म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मावशींना खोकला आला.

वर्ग संपला की धडं तळघरात ठेवायला मी त्याला मदत करायची. तिथे एक गोष्ट मला खुपायला लागली होती. तो यायला लागल्यापासून रोज सकाळी पुतळ्यांची तोंडं जिन्याकडे वळलेली असायची. मी ती भिंतीकडे करून जायची. सकाळी पुन्हा जिन्याकडे.

"हे चाळे तुमचेच ना?" एकदा मी विचारलंच.

"माझे? मला वाटलं, तुम्ही फिरवता. माझ्या स्वागताला."

"स्वागताला दुसरं कुणी नाही वाटतं मिळत?"

"मिळतं की..." तो म्हणाला आणि पुढचं बोलणं गिळलं. त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली होती. "यांना डोळे नाहीत. मग बघतायत असं का वाटतं हो?"

 मलाही तेच वाटत होतं. मी एकेकाचं तोंड पुन्हा भिंतीकडे वळवलं.

शेवटच्या दिवशी मोठा सराव होता. तळघरात अंधार, यंत्राने सोडलेला धूर, आणि पुतळ्यांमध्ये पडलेला एक जखमी. बाकीच्यांनी विजेऱ्या घेऊन त्याला शोधायचं. सराव संपला की मास्तर दुपारच्या गाडीने लांबच्या कारखान्यात शिकवायला निघणार होता. तेव्हा जे काही सांगायचं ते आजच, असं मी मनाशी घोकून आले होते. जखमी व्हायला कुणी तयार नव्हतं. मी लगेच हात वर केला.

त्याने बोटाने माझ्या कपाळावर लाल रंग लावला. मी श्वास रोखून बसले होते.

"डोळे मिटा."

"का?"

"बेशुद्ध माणूस असं टक लावून बघत नाही." त्याचं बोट कपाळावरून लगेच उचललं गेलं नाही... "नियम लक्षात आहे ना? सरावात 'वाचवा' म्हटलं तर सगळे नाटकच समजतील. खरंच काही झालं तर 'अस्सल' असं ओरडायचं."

दिवे गेले. धुराच्या यंत्राचा तेवढा निळा दिवा राहिला. वर जिन्याच्या दाराशी सगळ्या शिट्टीची वाट बघत खुसखुसत होत्या. मी फरशीवर पडून राहिले. धुरातून माझ्याभोवती पुतळ्यांचे पायच पाय दिसत होते.

"ऐका," त्याचा आवाज आला. "शिट्टी वाजवायच्या आधी मला एक सांगायचंय. थांबा, धूर फार होतोय, जरा कमी करतो."

पावलं यंत्राकडे गेली. माझं काळीज असं धडधडत होतं की जिन्यावर ऐकू जावं. मग एक बारीक गुणगुण सुरू झाली. माणसाची नव्हे.

मी डोळे उघडले. निळ्या उजेडात तो यंत्रावर वाकून उभा होता, पुतळ्यासारखा निश्चल.

"पुरे हं, मास्तर. एकदा फसले, पुन्हा नाही."

गुणगुण चालूच होती. जळकट वास आला. यंत्रातलं पाणी फरशीवर सांडलं होतं, त्यात त्याचे पाय होते, आणि यंत्राच्या पत्र्यावर त्याची मूठ आवळलेली होती. जबडा घट्ट. उघडे डोळे माझ्यावर.

मी दोन्ही हात पुढे करून धावले. आणि हातभर अंतरावर थांबले.

एवढी दुष्ट मी आयुष्यात कधी झाले नव्हते. ते डोळे मला बोलावत होते, आणि मी त्यांच्याकडे पाठ फिरवून जिन्याकडे पळाले. मेन स्विच ओढला. निळा उजेड विझला. काळोखात धाडकन काहीतरी पडलं आणि त्याच्यापाठोपाठ पुतळे कोसळत गेले.

"वाचवा!" मी किंचाळले.

"झकास!" वरून मावशींचा आवाज आला. "अजून जोरात!"

"अस्सल! मावशी, अस्सल!"

वरचं हसणं तोडल्यासारखं बंद झालं.

मी रांगत निघाले. हाताला चेहरे लागत होते, गार, गुळगुळीत, एकामागून एक. पण ही माझीच मंडळी. हा नाकाचा टवका उडालेला, म्हणजे यंत्र याच्या उजवीकडे. ही अंगठा तुटलेली, म्हणजे आणखी पुढे. मग तळव्याला दाढीचे खुंट टोचले, आणि मला रडूच फुटलं.

मी गाल त्याच्या तोंडाशी नेला. श्वास नव्हता. किती वेळा मनात या चेहऱ्याच्या इतक्या जवळ आले होते मी... आणि ते असं!

दोन्ही हात त्याच्या छातीवर ठेवले. कोपरं सरळ. खांद्यातून जोर. "काहीतरी सांगायचं होतं ना?" मी दाबत होते आणि ओरडत होते. "मग सांगा! अर्धवट बोलून जायची ही कुठली रीत?" हाताखाली काहीतरी कटकन मोडलं. मी थांबले नाही.

जिन्यावरून विजेऱ्या आल्या. उजेड आमच्यावर पडला तेव्हा पुतळे आमच्याभोवती ओणवे पडलेले दिसले, अपघाताच्या जागी गर्दी वाकते ना, तसे. एकीने रुग्णवाहिकेला फोन लावला. माझे हात भरून आले तेव्हा मावशी गुडघ्यांवर बसल्या, त्यांच्यानंतर आणखी एक. पाय नसलेल्या धडावर हसणाऱ्या त्या सगळ्या बायका आता आळीपाळीने एका माणसाला मरू देत नव्हत्या. रुग्णवाहिकेतल्या माणसांनी मशीन लावलं, झटका दिला, पुन्हा दिला. आणि मास्तरने श्वास घेतला, खोल विहिरीतून वर आल्यासारखा.

चार दिवसांनी त्याला भेटायला सोडलं. उशाशी त्याच्या आई बसल्या होत्या. त्यांनी मला जवळ ओढलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"दोन बरगड्या मोडल्यास तू माझ्या," तो म्हणाला. 'तू' म्हणाला!

"तिसरी मोडणार होते, तेवढ्यात मावशी आल्या."

हसायला गेला आणि कळवळला. मग गंभीर झाला. "तेव्हा सांगायचं राहिलं ते सांगतोच, पण आधी हे ऐक. मी खाली खाली चाललो होतो. त्या तळघराच्याही खाली. तिथे फार गार होतं. पण कुणीतरी माझा हात धरला होता. मी किती ओढला, सोडलाच नाही. तेव्हाच ठरवलं, वर पोहोचलो तर हा हात जन्मभर सोडायचा नाही." तो माझ्याकडे बघत राहिला. "तुझा हात."

'हो' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? कुणालाही कळलं नसतं. पण खोट्यावर उभं राहिलेलं प्रेम मला नको होतं, मग ते हातचं गेलं तरी चालेल.

"माझा नव्हता," मी म्हणाले. "माझे दोन्ही हात तुमच्या छातीवर होते."

"मग मावशींचा?"

"त्या जिन्यावर होत्या तेव्हा."

 त्याच्या आईने शाल अंगाभोवती ओढून घेतली. मला विजेऱ्यांच्या उजेडातला त्याचा उजवा हात आठवत होता. एका पुतळ्याचा निखळलेला हात त्यात अडकला होता, मीच तो काढला. आमच्या पुतळ्यांची बोटं ताठ असतात, वळत नाहीत. तरी मला ती एकेक करून सोडवावी लागली होती.

हे मी त्याला सांगितलं. शब्दन् शब्द. तो पांढरा पडला. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर मला त्या क्षणी नुसता राग आला. मेला कुठला, त्याचा हात माझ्या आधी धरणारा!

"तर तो माझा नव्हता," मी पुन्हा म्हणाले आणि माझा हात पांघरुणावर ठेवला. "माझा हा आहे. मला तुम्ही हवे आहात. आता तुम्ही काय ते ठरवा."

तो माझ्या हाताकडे बघत राहिला.

"पुतळ्याच्या हाताने मला धरून ठेवलं," तो हळूच म्हणाला. "पण परत यावंसं वाटलं ते तू ओरडत होतीस म्हणून. अर्धवट बोलून जायची रीत नाही, म्हणालीस ना? तर पुरं बोलतो. मला तू हवी आहेस. कायमची."

त्याच्या आई उठून खिडकीपाशी गेल्या आणि बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारख्या बघू लागल्या. त्याने माझा हात हातात घेतला. मी तो घट्ट धरला, तळघरातल्या त्या हातापेक्षाही घट्ट, आणि भेटीची वेळ संपली म्हणून नर्स दोनदा सांगून गेली तरी सोडला नाही.