जन्माची रेघ

"अहो, ती दाढ माझी आहे!"

मी ओरडेपर्यंत त्याने ती चिमट्याने उचलून आपल्या बरणीत टाकलीसुद्धा.

दंतवैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला कोरण्याच्या सरावासाठी काढलेले दात लागत, आणि ते ज्याचे त्याने मिळवायचे. म्हणून दात काढायच्या खोलीबाहेर आम्ही मुली ताटकळत उभ्या असायचो. हा आमच्याच वर्गातला, विस्कटलेल्या केसांचा. तिथे रोज बरणी घेऊन यायचा, म्हणून सगळे त्याला बरणीवालाच म्हणत.

"तुमची? तुमच्या तर सगळ्या जागेवर दिसताहेत," माझ्या तोंडाकडे बघत तो म्हणाला.

मी हसू दाबलं... पण त्याला दिसलंच.

"तुम्ही काय करणार तिचं?"

"कापून बघणार."

"एवढंच?"

"एवढंच! या की एकदा बघायला."

गेले. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात त्याने एका दुधाच्या दाढेचा घासून घासून पातळ केलेला काप भिंगाखाली ठेवला होता. आधी नुसतं पिवळसर धुकं दिसलं. मग रेघा उमटल्या — झाडाच्या खोडात असतात तशा.

"ती ठळक रेघ दिसली? बाळ जन्मलं तेव्हाची. आतला भाग आईच्या पोटातला, बाहेरचा या जगातला."

माझ्या अंगावर काटा आला. "आणि लग्नाची रेघ कुठे असते?" मी बोलून गेले आणि जीभ चावली.

"नसते. दात त्याच्या आधीच बनून होतात." त्याने भिंग उगाच फिरवलं. "लग्नाचं... वेगळं बघावं लागेल."

मग मी रोज दुपारी जाऊ लागले. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, कळलंही नाही. मी स्वतः काप घासायला शिकले. भिंग जुळवताना त्याचं कोपर माझ्या कोपराला लागे, आणि दोघंही ते बाजूला घ्यायचं विसरत असू.

शेवटच्या वर्षी सरांनी वर्गात विचारलं, "संशोधनाकडे कोण जाणार?"

"ज्याला दवाखाना टाकणं परवडत नाही तो!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग खो खो हसला. एकच हात वर होता, त्याचा. माझा हात मांडीवरच राहिला.

तरी सरांनी दोघांनाही बोलावलं. दुसऱ्या शहरातल्या संशोधन संस्थेत दोन जागा होत्या. "तुझा हात याच्यापेक्षा हलका आहे," ते मला म्हणाले. तो शेजारी उभा राहून अभिमानाने हसत होता.

घरी आई म्हणाली, "जन्मभर उंदरासारखे दात कुरतडत बसणार का?" तिच्याशी मी भांडले असते. पण बाबांशी कसं भांडणार? त्यांच्या दवाखान्यात माझ्यासाठी दुसरी खुर्ची आली होती, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. ते तिच्यावरची धूळ पुसत राहिले... नसलेली धूळ.

तो संस्थेकडे निघाला त्या दिवशी मी त्याला बस सुटायच्या जागी पोचवायला गेले.

"एकदा म्हण, हे काम मला आवडत नाही. मी मुकाट्याने जातो."

"आवडत नाही."

"खोटं बोलताना तू खालचा ओठ चावतेस." तो खिडकीतून वाकला. "आणि मी? मीही आवडत नाही?"

"तू..." बस हलली. "तू तर फार आवडतोस रे!"

त्याने ऐकलं. हात हलवायचा सोडून तो नुसता बघत राहिला — बस वळेपर्यंत.

त्यानंतर मी किती तोंडं बघितली, किती दात काढले, भरले! लोक दुवा देऊन गेले. संसारही झाला, चांगला झाला. पण एखादी किडलेली दाढ ट्रेमध्ये पडली, की ती आतून कशी असेल या विचाराने हात थबकायचा. मागून पुढचा पेशंट खोकायचा.

त्या दिवशी बस गेली आणि मी तिथून थेट दवाखान्यात आले. नव्या खुर्चीत माझा पहिला पेशंट बसला होता, एक म्हातारे गृहस्थ. मी दिवा खाली ओढला, तसे ते माझ्याकडे निरखून बघू लागले.

"डॉक्टरीणबाई, दात माझा काढायचाय," ते घाबरून म्हणाले, "तुम्ही का रडताय?"

मी मास्क डोळ्यांपर्यंत ओढला.

"आ करा," मी म्हटलं.