काजवे चमकले

हौसाबाई भांगरेंच्या डाव्या हाताला कुणी बसत नसे. घरी नाही, जीपमध्ये नाही, आणि तालुक्याच्या गावी नव्यानं निघालेल्या किरणोपचार केंद्रातही नाही. लहानपणी चुन्याची डबी उघडताना त्यांच्या डाव्या डोळ्यात चुना उडाला होता. बुबुळावर पांढरं फूल पडलं, पापणी त्याला चिकटून बसली आणि ती बाजू अंधारात गेली. तिकडून कुणी आलं की बाई दचकत, आणि दचकल्या की रागावत. नवरा सावळेराम हे लग्नानंतर लगेच शिकला आणि तेव्हापासून उजवीकडेच बसत आला.

पूर्वी ज्या प्रोटॉन यंत्राला अख्खी इमारत लागायची, ते आता एका खोलीत मावू लागलं होतं. डोंगरातली माणसं सकाळी डबा घेऊन येत आणि उपचार घेऊन दुपारी घरी परतत. हौसाबाईंना नाकाच्या मुळाशी गाठ झाली होती, उजव्या डोळ्याच्या नसेला अगदी खेटून. हा उजवा वाचवायचा तर प्रोटॉनचा झोत दुसऱ्या बाजूनं, म्हणजे डाव्या डोळ्यातून आत सोडायला हवा होता.

"तो डोळा तर गेलेलाच आहे," डॉ. मृदुला शेटे म्हणाल्या होत्या. ते सगळ्यांना पटलं. हौसाबाईंनाही पटलं.

पहिल्या दिवशी झोत थांबल्यावर तंत्रज्ञ निहारनं त्यांच्या चेहऱ्यावरचा जाळीचा मुखवटा काढला आणि विचारलं, "कसं वाटतंय, मावशी?"

"डोळ्यांपुढं काजवे चमाकले रं."

निहारनं त्यांना पडूनच राहायला सांगितलं, रक्तदाब मोजला आणि लिंबू-सरबत पाजलं. मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात ते एक तर कानाखाली बसल्यावर, नाहीतर चक्कर आल्यावर. तेव्हा पोराचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. दुसऱ्या दिवशीही काजवे चमकले आणि पुन्हा सरबत आलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरच चक्कर थांबवायची गोळी घेऊन आल्या. तेव्हा मात्र हौसाबाई उखडल्या.

"आवं डॉक्टरीणबाई, चक्कर कुणाला आलीया? काजवे म्हंजी काजवे! दरसाल शहरातले पाव्हणे माझ्या घरी उतरत्यात, ते काय माझं तोंड बघाया? काजवे बघाया येत्यात. मला काजवा कळंना व्हय? हा निळा हाय, एवढाच काय तो फरक. झाड भरून यावं तसा समदा एकदम पेटतो, आन् मशीन थांबलं का इझतो."

शेटेबाई हसल्या. "निळा उजेड होय! तो काही रुग्णांना दिसतो. झोत डोळ्यातून जाताना आतल्या पाणीदार गरात मंद प्रकाश उमटतो. डोळे मिटलेले असले तरी दिसतो. घाबरू नका."

"कंच्या डोळ्याला दिसतो?" सावळेरामनं दारातून विचारलं. डावं-उजवं सांभाळण्यातच ज्याचा संसार झाला, त्याला हा प्रश्न सुचणारच.

हौसाबाईंनी मिटलेल्या डाव्या पापणीवर बोट ठेवलं. "ह्याला."

शेटेबाईंचं हसू मावळलं. त्या निहारला बाजूला घेऊन गेल्या.

"चुन्याचं फूल उजेडाला अडवतं. किरणांना अडवत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दृष्टिपटलाच्या पेशींत जांभळट रंगद्रव्य असतं. उजेड लागला की ते फिकं पडतं आणि मेंदूला निरोप जातो. या निळ्या उजेडानंही तेच होतं. पण पटल मेलेलं असेल तर निरोप धाडणार कोण?"

"म्हणजे डोळा जिवंत आहे?"

"असला, तर आपण रोज त्यालाच भाजतोय."

शेटेबाईंना भीती वाटली, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. उजवा चांगला आहे म्हणून डाव्याला काही दिसतं का, हे कुणी नीट विचारलंच नव्हतं. तरी खात्री हवी होती. किरण मेंदूला चाटून गेले तरी असा भास होऊ शकतो. झोत फक्त डाव्या डोळ्यापुरता, अगदी थोडा सोडून पाहायचा, हाच एक मार्ग होता. म्हणजे त्याच डोळ्याला आणखी किरण. शेटेबाईंनी हे सगळं हौसाबाईंना न लपवता सांगितलं.

"इतके दीस दिलं न इचारता," हौसाबाई म्हणाल्या, "आता इचारून द्या की."

जांभळं रंगद्रव्य पुरतं भरून येण्यासाठी त्यांना बराच वेळ काळोखात बसवलं. मग घरघर सुरू झाली. ठरलं होतं असं, की यंत्र दर वेळी सारखंच घरघरेल, झोत मात्र कधी सुटेल, कधी नाही. काजवे दिसले की बोट वर करायचं.

पहिली घरघर झाली. बोट हललं नाही. पडद्यावर पाहणाऱ्या निहारचा चेहरा पडला.

"झोत बंदच होता," शेटेबाई म्हणाल्या.

दुसरी घरघर सुरू झाली आणि बोट वर गेलं. तिसरीला खाली राहिलं. "हा नुसताच आवाज," आतून हौसाबाईंनी बजावलं. शेवटपर्यंत त्यांची एकही चूक झाली नाही. निहारनं भर खोलीत टाळी वाजवली आणि मग ओशाळला.

झोताची वाट बदलायचं ठरलं. आता तो कपाळाच्या वरून येणार होता. उपचार लांबणार होते आणि उजव्याचा धोका जरासा वाढणार होता. पण डावा वाचला, तर रुग्णाच्याच पेशींपासून छापलेलं नवं पारपटल, म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच, त्यावर बसवता येणार होतं. मेलेल्या डोळ्याला ते देत नसत, म्हणून आजवर कुणी विषयच काढला नव्हता.

"उजेड दिसेल असं वाटतं," शेटेबाई म्हणाल्या. "माणसं ओळखू येतील का, ते आज नाही सांगता येत. इतकी वर्षं मिटलेल्या डोळ्याशी बोलायचं मेंदू विसरलाही असेल."

"इसरला आसंल तर शिकवू," हौसाबाई म्हणाल्या. "करा."

बाहेर सावळेरामनं डबा उघडला. सवयीनं तो खुर्ची घेऊन उजवीकडे निघाला, मध्येच थांबला, आणि वळसा घालून डावीकडे येऊन बसला. हौसाबाई या वेळी दचकल्या नाहीत. त्यानं टोपी काढली, केस सारखे केले आणि टोपी पुन्हा नीट बसवली.

"ह्या डोळ्यानं मला आजून बघितलंच न्हाई," तो म्हणाला. "पसंत पडंल का गं त्याला मी?"