माझ्या मौनातला आवाज

खोटं बोलायचा मला सराव नाही. आणि ज्या तासाबद्दल लिहितेय, त्या तासात तर मी बोलतच नाही.

रोज दुपारी चार ते पाच माझं मौन असतं. चौदा वर्षं झाली. नवस नाही, मागणं नाही. देवासाठी एक तास गप्प राहायचं, एवढंच. आमचे हे सगळ्यांना सांगत सुटतात, "आमच्या घरातला सुखाचा तास!"

दुसरं वेड नाटकाचं. आमच्या शहरातलं ते जुनं नाट्यगृह... दगडी जिना, लाकडी सज्जे, उठलं की खाटकन मिटणाऱ्या मखमली खुर्च्या. तिसरी घंटा झाली, दिवे मंदावले की माझ्या अंगावर काटा यायचा. आनंदाचा.

तेव्हा आनंदाचाच यायचा.

ही घटना गेल्या वर्षीची. रविवार, दुपारी तीनचा प्रयोग.

माझ्या धाकट्या नणंदेचं, वन्संचं, त्यात मुख्य काम होतं. मोठ्या दुखण्यातून उठून चार महिन्यांनी त्या रंगमंचावर उभ्या राहणार होत्या. घरी मी संहिता धरायचे, त्या म्हणायच्या. सगळं पाठ. फक्त दुसऱ्या अंकात एका वाक्यापाशी गाडी अडायची.

"कडी मीच लावली होती."

दर वेळी तिथेच... डोळे कोरे.

दिग्दर्शकांनी तोंडावर सांगितलं होतं, "अडखळलात तर पुढच्या रविवारपासून दुसरी बाई घेणार." विंगेतून वाक्यं सांगायला प्रॉम्प्टर ठेवणंही त्यांना कमीपणाचं वाटे.

"वहिनी, तू पहिल्या रांगेत बस," वन्सं म्हणाल्या. "अडकले तर नुसतं 'कडी' म्हण. हळूच."

"तो प्रवेश सव्वाचारला येतो, वन्सं."

"अगं, एक शब्द! देव काय घड्याळ लावून बसलाय?"

मी म्हटलं, "बघू."

माझ्या 'बघू'चा अर्थ त्यांना चांगला ठाऊक होता.

पहिला अंक सुरेख झाला. मध्यंतरात घड्याळात चार वाजले आणि मी ओठ मिटले. शेजारी बसलेल्या यांनी कपाळाला हात लावला.

सव्वाचार.

वन्सं दाराच्या सेटपाशी आल्या. वळल्या. तोंड उघडलं...

शब्द नाही.

एक क्षण. दोन. मागे कुणीतरी खाकरलं. वन्संनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरले नाही. मी पदर मुठीत आवळला. आणि ओठ उघडले नाहीत.

तेवढ्यात...

"कडी."

हळूच. स्पष्ट.

आवाज माझा होता.

वन्संचा चेहरा उजळला. वाक्य आलं, पुढचा सगळा प्रवेश आला. टाळ्यांनी सज्जे दणाणले. मी मात्र बोटांनी ओठ चाचपले; मिटलेलेच होते.

यांनी कोपर मारलं. "मोडलंस ना व्रत? बरं केलंस!"

मी मान हलवली. नाही... नाही.

पाच वाजून गेल्यावर रंगपटात वन्संनी मला मिठी मारली. "वहिनी, तुझे उपकार!"

"मी बोलले नाही हो."

"लाजतेस काय? मी ऐकलं ना!"

मला सगळ्यांचाच संशय यायला लागला. वन्संनीच आवाज भरून ठेवला असेल का? की यांनी नक्कल केली? हे माझी नक्कल झकास करतात. पण यांनी गळ्याची शपथ घेतली. रंगमंचाच्या कडेला एक लाकडी कोनाडा आहे. पूर्वी त्यात बसून प्रॉम्प्टर नटांना वाक्यं सांगायचा. प्रेक्षागृह रिकामं झाल्यावर मी तिथे खाली वाकून पाहिलं. फळ्या ठोकलेल्या. खिळ्यांवर रंगाचे थर.

मागे म्हातारा डोअरकीपर उभा होता.

"बाई, तुम्ही रोज थोडा वेळ गप्प राहता का?"

मी दचकले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पूर्वी एक बाई यायच्या. त्याही राहायच्या."

"आता कुठे असतात?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग खुर्च्या पुसत पुसत दुसऱ्या टोकाला निघून गेला. मी हाक मारली. वळला नाही.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम घरीच राहिले. देवासमोर. दाराला आतून कडी.

संध्याकाळी वन्संचा फोन आला. "आज कुठे बसली होतीस? आवाज अगदी कानाशी आला!"

मी फोन ठेवला. यांना काही सांगितलं नाही. सांगून काय, हसलेच असते.

तिसऱ्या रविवारी ठरवलं, बघायचंच. चौदा वर्षांत पहिल्यांदा सव्वाचारला मी मोठ्याने देवाचं नाव घेत बसले. थांबले नाही.

त्या दिवशी वन्सं रंगमंचावर मुक्या उभ्या राहिल्या. पडदा पाडावा लागला.

रात्री घरी येऊन रडल्या. "दिग्दर्शकांच्या हातापाया पडून एकच संधी मिळालीय, वहिनी. तू का नाही आलीस?"

माझ्या हट्टापायी हे झालं, एवढं मला कळत होतं.

मी मौन पुन्हा धरलं. चौथ्या रविवारी वाक्य आलं. त्यानंतर प्रत्येक रविवारी येतंय. वन्संची भूमिका टिकली, प्रयोग भरलेले असतात, लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. वन्सं आता ते वाक्य पाठही करत नाहीत. "तू आहेस ना!" म्हणतात.

मी नाट्यगृहात जात नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे.

दोन महिन्यांपूर्वी, एका रविवारी, पाच वाजले. मी रोजच्यासारखं यांना "चहा टाकते" म्हणायला गेले... आवाज निघाला नाही. पाच वाजून तीन मिनिटांनी आला. म्हटलं, घसा बसला असेल.

पुढच्या रविवारी पाच वाजून दहा.

काल रविवार होता. वन्संचा फोन आला. आनंदात होत्या. "वहिनी, आज तर तू सगळा प्रवेशच सांगत होतीस!"

त्या बराच वेळ बोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, गप्प का? बोल ना काहीतरी."

सात वाजले होते.

मी रिसीव्हर धरून नुसते ओठ हलवत होते.